पलीकडची हाक

गोफणीत गोटा भरला होता, हात डोक्याच्या वर गेला होता, आणि कडूबाई माळ्यावर तशीच उभी होती.

खालच्या अंगाला, नदीकडच्या पट्टीत, भोरड्यांचा थवा उतरला होता. शाळवाच्या एकेका कणसावर दोन-दोन पाखरं. दाणा अजून दुधात होता, आणि भोरडीला नेमका तोच लागतो. पाखरांच्या वजनानं ताटं वाकत होती, पाखरू उडालं की वर येत होती. नुकतंच उजाडलं होतं. थंडी अशी की गोफणीचा पीळ बोटांना कापत होता.

"अगं, हाक की!" बांधावरून बब्रुवान ओरडला. "पाखरं खायलीत अन् तू बगत काय उभी ऱ्हायलीस?"

कडूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती नदीपलीकडे बघत होती.

"गुलाबची आय! कान फुटलं का तुजं?"

तिनं हात खाली घेतला. गोफणीतला गोटा काढून पायाशी फळीवर ठेवला. भरलेली गोफण अशी रिकामी करायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती.

मग बब्रुवाननंच रॉकेलचा रिकामा डबा उचलला आणि तो बडवायला काठी उगारली. कडूबाई माळ्यावरून जवळजवळ घसरतच उतरली आणि तिनं काठी धरली.

"नका वाजवू. उठली की पलीकडं जात्यात."

"जाऊ देत की! पाखरं काय आपण पाळल्यात?"

"पलीकडं पयलं रान ज्ञानोबा पाव्हण्याचं हाय. त्या माळ्यावर आपली गुलाब हाय."

बब्रुवाननं डबा खाली ठेवला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण डोळ्यांदेखत पीक खाल्लं जात असलं की माणसाला धड रागावताही येत नाही.

"आन् आपला शाळू गेला तर?" तो एवढंच म्हणाला. "तर गुलाब घरला येणार कशी? ते सांग."

दोघांचंही खरं होतं, आणि अवघड होतं ते हेच. हा पेच पडला कसा ते कळायला वर्षभर मागं जायला हवं.

कडूबाईच्या आधी तिच्या आईची पाठोपाठची पोरं गेली होती. म्हणून ही झाली तेव्हा नाव ठेवलं कडू. मरणानं चव घेऊन थुंकून टाकावी एवढाच हेतू. मरणानं खरोखरच थुंकली. वर गळा असा मिळाला की पळसवाडीत कुणाचं ढोर चुकलं तरी लोक म्हणत, कडूबाईला टेकावर नेऊन हाक मारायला लावा. पाखरं राखायला असाच गळा लागतो. गोफण काय, कुणीही फिरवील. गोट्यानं थवा उठतो आणि चार ओळी सोडून पुन्हा बसतो. कडूबाईची हाक बसली की तो शिवार ओलांडून जायचा. 'हाऽऽ होऽऽ' असं ती सुरू करी, आवाज वर वर नेई आणि शेवटी एकदम सोडून देई, दोरी तुटल्यासारखा. मोठ्या रानाचे मालक हणमंतप्पासुद्धा हुरड्याच्या दिवसांत स्वतः दारात येऊन म्हणायचे, "कडू, औंदा आमच्या माळ्यावर बस." पण नदीकाठची तीन एकर कसायला लागल्यापासून ती फक्त आपल्याच माळ्यावर बसत होती.

तिची एकुलती एक लेक गुलाब त्याच माळ्याखाली वाढली. ती जन्मली हुरड्याच्याच दिवसांत. भोरडीचं डोकं काळं आणि अंग गुलाबी असतं. बब्रुवाननं थव्याकडे बघून नाव ठेवलं. "पिकाचं वाटुळं करणारं पाखरू बगून पोरीचं नाव ठिवता व्हय?" म्हणून कडूबाई तेव्हा रुसली होती. पण नाव पडलं ते पडलं. बोलायला लागायच्या आधी पोर हाक मारायला शिकली. आईसारखीच, वर नेऊन सोडून द्यायची.

गुलाबचं लग्न नदीपलीकडच्या उंबरगावात, ज्ञानोबाच्या बलभीमशी ठरलं आणि पाठोपाठ दुष्काळ आला. साधासुधा नव्हे, मधल्या तेरणा नदीच्या पात्रात लोक ठिकठिकाणी झरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायचे, असा. अर्धा जिल्हा खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती वाहायला गेला होता. लग्न पुढं ढकलावं तर दुष्काळ कधी सरेल याचा काही नेम नव्हता. तेव्हा कामाच्या सुटीच्या दिवशी लग्न उरकलं. गुलाबच्या अंगावर पांढरं लुगडं होतं. पंचशील झालं, टाळ्या झाल्या, जयभीम झाला. आणि मग पंगत बसली.

पंगतीत मिलोची भाकर होती. दुसरं काही नव्हतंच. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. जनावरं तोंड लावीत नव्हती, माणसं खात होती. तिची भाकर थापताना कडेला चिरायची आणि घशातून उतरताना घास दोनदा थांबायचा. कडूबाईनं आणि भावकीतल्या बायकांनी ती पहाटेपासून जिवापाड थापली होती.

ज्ञानोबा माणूस वाईट नव्हता. तो उंबरगावच्या सोसायटीत शिपाई होता. हाच मिलो साऱ्या गावाला मापून देत होता आणि घरी स्वतःही तोच खात होता. पण घरी खाणं वेगळं आणि मुलाच्या लग्नात पानात पडणं वेगळं. तरीही तो मुकाट्यानं जेवला असता. तेवढ्यात त्याच्या वऱ्हाडातला एक भाऊबंद मोठ्यानं म्हणाला, "ज्ञानोबा, तुजीच ज्वारी तुलाच वाढली की रं व्याह्यानं!" सारी पंगत हसली.

ज्ञानोबा पानावरून उठला. खाकी सदऱ्याला हात पुसत म्हणाला, "ज्या दिशी ह्या घरात पांढऱ्या शाळवाची भाकर माज्या पानात पडंल, त्या दिशी पोरगी माहेराला यील. तवर न्हाय."

घरात बोललेला शब्द माणूस विसरू शकतो. पंगतीत बोललेला शब्द लोक विसरू देत नाहीत. ज्ञानोबाला त्याच रात्री पस्तावा झाला म्हणतात, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

पुढं पाऊस झाला. चांगला झाला. पंचमीला गावातल्या साऱ्या लेकी आल्या, लिंबाला झोके बांधले गेले. गुलाब आली नाही. दिवाळी गेली. नदीपलीकडचं रान, उठून चालायला लागलं तर भाकर निवायच्या आत पोचावं एवढ्या अंतरावर. पण लेकीच्या घरी न बोलावता जायचं कसं? गेली असती, आणि विहीण मालनबाई दारात काही बोलली असती, तर ते नंतर गुलाबला ऐकावं लागलं असतं. कडूबाई गेली नाही. बब्रुवाननं तीन एकरांत शाळू पेरला. रोज पाटीभर शेणखत डोक्यावर नेऊन टाकलं. "औंदा व्याह्याला पांढरी भाकर खाऊ घालतो," तो म्हणायचा, "कमरंचा करगुटा तुटंस्तवर."

शाळू निसवला. भोरड्या आल्या. कडूबाई माळ्यावर चढली, आणि पहिल्याच सकाळी तिची हाक संपते न संपते तोच नदीपलीकडून हाक आली.

'हाऽऽ होऽऽ', वर नेलेली, शेवटी सोडून दिलेली.

कडूबाई माळ्याच्या कडेला आली. इतक्या महिन्यांत लेकीचा आवाज कानावर पडला नव्हता. पलीकडच्या माळ्यावर बोटाएवढी एक आकृती दिसत होती. शब्द पोचण्यासारखं अंतर नव्हतं, आवाज पोचत होता. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा हाक घातली. पुन्हा पलीकडून उत्तर आलं. पाखरं कधीच उडून गेली होती, तरी दोघी हाकत होत्या.

त्या दिवसापासून कडूबाई अंधार असतानाच घराबाहेर पडायला लागली. बब्रुवानला वाटलं, बायकोला पिकाची काळजी लागली. बायकोला लेकीचा नाद लागला होता. नुसत्या हाकेवरून तिला सगळं कळे. आज सर्दी झालीय. आज काही खाल्लेलं नाही. आज कुणीतरी बोललंय, कारण हाक घशातच अडकतेय. आज खुशीत आहे. अशा खुशीच्या दिवशी कडूबाई घरी येऊन कालवणात चटणी जास्त टाकायची.

आणि संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी तिला गुलाबची हाक आखूड वाटली. वर जायची, पण दम पुरायचा नाही, मध्येच तुटायची. सर्दी नव्हती ती. कडूबाईनं दिवसभर बोटांवर महिने मोजले. बाजाराच्या दिवशी दोन्ही गावांत माळवं विकणारी विठाबाई दारात आली तेव्हा तिनं वांगी चाचपत विचारलं, "गुलाब पोटुशी हाय व्हय गं?"

विठाबाईनं पाटी खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं? अजून तिच्या सासूनं भाईर फोडलं न्हाय!"

पहिलं बाळंतपण माहेरी. गरीब असो, श्रीमंत असो, यात कुणी मागंपुढं करत नाही. आता शाळू हातात यायलाच हवा होता. कडूबाईला आपल्या आईची गेलेली पोरं आठवत, आणि ती गोफण अशी फिरवी की तिचा फटका हणमंतप्पाच्या मळ्यात ऐकू जाई.

पुढच्या बाजाराला विठाबाई पुन्हा आली. या वेळी तिनं पाटी खाली ठेवली नाही.

"कडूबाई, तुज्या हाकेनं पाखरं सगळी पलीकडं जात्यात. काठाला पयलं रान तुज्या व्याह्याचंच. मालनबाई गावभर म्हणत सुटलीया, विहिणीनं मिलो खाऊ घातला, आता पाखरं घालायलीया. गुलाबला दिसभर माळ्यावर उभी करत्यात. बसू देत न्हाईत. तुज्या आयची पाखरं, तूच हाक म्हणत्यात."

पाखरं हाकायची म्हणजे शेजाऱ्याच्या रानात घालायची, हे शेती करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि कुणीही बोलून दाखवत नाही. कडूबाईनंही कधी विचार केला नव्हता. जन्मभर ती आपल्या गळ्याचं कौतुक ऐकत आली होती. आता तोच गळा लेकीच्या अंगावर पाखरं सोडत होता.

आणि म्हणून आज सकाळी तिनं गोटा फळीवर ठेवला होता.

"ऐका माजं," ती नवऱ्याला म्हणाली. काठी अजून तिच्याच हातात होती. "खालची पट्टी पाखराला सोडून देऊ. पोट भरलं की ती नदी वलांडायची न्हाईत. वरचं रान राखू. म्या ताटाताटातनं हिंडती, हातानं हुसकती. हाक नको, डबा नको. वरच्यात भाकरीपुरतं येतंय की."

"खालची पट्टी म्हंजी निम्मा शाळू!"

"निम्मा ऱ्हायतो ना?"

बब्रुवाननं खाली बघितलं. पट्टीतली पाखरं निवांत खात होती. हा माणूस पावसाळ्यात एका सरीसाठी रात्ररात्र आभाळाकडे बघत बसलेला. शेवटी त्यानं तिच्या हातातली काठी काढून घेतली, नदीकडे भिरकावून दिली आणि म्हणाला, "पोरीला उभं करत्यात व्हय? पोटुशी पोरीला?" आणि वरच्या बांधाला जाऊन पाठ फिरवून बसला. त्याच्या परीनं तो हो म्हणाला होता.

पाखरांना इतकं सुखाचं रान कधीच मिळालं नव्हतं. सकाळी येत, खालच्या पट्टीत पोटभर खात, दुपारी काठावरच्या बाभळींवर बसून कलकल करत, तिसऱ्या प्रहरी पुन्हा उतरत. कडूबाई वरच्या रानातून पदर हलवत, न बोलता, ओळीओळीनं फिरायची. पायांना चिरा पडल्या. पण ते काहीच नव्हतं. खरा त्रास वेगळाच निघाला, आणि तो तिच्या ध्यानातच आला नव्हता.

गुलाब हाक मारायची.

पहिल्या दिवशी रोजच्यासारखी मारली आणि उत्तराची वाट बघून थांबली. मग पुन्हा मारली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मारत राहिली. पलीकडे पाखरं नव्हती, हाकायला काही नव्हतं, तरी मारत राहिली. ऐन दुपारी, कुठलाही राखणदार ज्या वेळी तोंड उघडत नाही, त्या वेळी तिची हाक नदीवरून येई. आखूड, दम तुटलेली, आणि शेवट सोडून न देता तसाच धरून ठेवलेली. विचारल्यासारखी.

कडूबाई ताटांत उभी राहून तोंडावर हात दाबून धरी. उत्तर दिलं असतं तर बाभळींवरचा सगळा थवा उठून पोरीच्याच रानात पडला असता. विठाबाईला बाजाराच्या आधी इकडं यायचं कारण नव्हतं. माळ्यावर उभी राहिली असती तरी एवढ्या लांबून कोण ते ओळखू आलं नसतं. 'आहे गं, जिवंत आहे,' एवढं सांगायला तिच्याजवळ गळ्याशिवाय काही नव्हतं, आणि गळाच वापरायचा नव्हता. लेक सासरी गेली तेव्हा ती इतकी रडली नव्हती. तेव्हा लेक दूर जात होती. आता लेक हाक मारत होती आणि आई ओ देत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी पलीकडून हाक आली नाही.

कडूबाई माळ्यावर चढून बघायला लागली. पलीकडचा माळा रिकामा होता. मग तिला नदीच्या वाळूत कुणीतरी दिसलं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एक हात कमरेवर, पाण्याची बारीक धार ओलांडून गुलाब येत होती. पळत होती, थांबत होती, पुन्हा पळत होती.

"माय!" ती पात्राच्या मध्यावरून ओरडली. "माय, हाईस का गं?"

कडूबाईनं दोन्ही हात वर केले. गुलाब जागच्या जागी थांबली. तिनं आईला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, जणू कुणी सांगितलेलं खोटं ठरवून बघत होती. मग तिला रडू फुटलं.

"म्या म्हणलं गेलीस! ओ का देईनास?"

कडूबाईनं खालच्या पट्टीकडे बोट केलं. गुलाबनं मान वळवली. भोरड्या कणसांवर लोंबत होत्या. पट्टीच्या निम्म्या कणसांच्या नुसत्या पिशा राहिल्या होत्या. माळ्यावर आई, आईच्या हातात गोफण, आणि गोफण रिकामी. माळ्याखाली वाढलेल्या पोरीला याहून जास्त सांगावं लागत नाही.

अजून थोडी पुढं आली असती तर ती माहेरात आली असती, आणि न धाडता आलेली सून ठरली असती. हे तिला कळत होतं. पुढं पाऊल पडेना, मागं वळवेना, अशी ती पाण्यात उभी राहिली. आईला वाटत होतं, लेकीला एकदा जवळ घ्यावं, तिच्या पोटावरून हात फिरवावा, मग जन्मभर माहेराला आली नाही तरी चालेल. पण ती माळ्यावरून उतरली नाही. उतरली असती तर पोर पुढं आली असती.

तेवढ्यात मागून ज्ञानोबा आला. सोसायटी उघडायला निघाला होता. वाटेत रिकामा माळा बघून, शिव्या देत, धोतराचा सोगा हातात धरून वाळूतून आला होता. सुनेपाशी पोचला आणि शिव्या तोंडातच राहिल्या. त्यानं एकदा पट्टीकडे बघितलं, एकदा विहिणीकडे. तो शिपाई झाला असला तरी जन्माचा शेतकरी होता. दुधात आलेला शाळू कुणी उगीच पाखरांना सोडत नाही, आणि पाखरं तिकडं राहिली म्हणून चार दिवस आपल्या रानात का उतरली नाहीत, हे त्याला तिथल्या तिथं कळलं.

तो सुनेच्या पुढं दोन पावलं आला. मग तोंडाला हात लावून ओरडला, "विहीणबाई! हाका की पाखरं!"

"तुमच्यात येतील, पाव्हणं."

"येऊ द्या. आमच्यातबी खाऊ द्या चार दिस." त्यानं टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "म्या पंगतीत बोलून बसलो. त्ये काय आता परत घेता येत न्हाय. पर तुमच्यात शाळूच ऱ्हायला न्हाय, तर म्या माजा शब्द पुरा करू कसा? हाका!"

कडूबाईनं गोटा उचलला, गोफणीत भरला, हात वर नेला, तोंड उघडलं. आवाज आला नाही. सगळ्या शिवाराला ठाऊक असलेला तो गळा नेमका त्या वेळी भरून आला होता.

मग पाण्यात उभ्या असलेल्या गुलाबनं पोटाखाली हात धरला, मान वर केली आणि हाक दिली. 'हाऽऽ होऽऽ.' या खेपेला ती पुरती वर गेली आणि शेवटी सुटली. आईच्या रानातला सगळा थवा उठला, तिच्या आणि तिच्या सासऱ्याच्या डोक्यावरून गेला, आणि तिच्याच सासरच्या शाळवात उतरला.

"चला," ज्ञानोबा सुनेला म्हणाला. "आता तिकडची हाकू."

फाल्गुनात शाळू निघाला. निम्माच निघाला, पण पांढराशुभ्र निघाला. पुढचे दोन महिने कडूबाईनं आणि बब्रुवाननं घरात मिलोच खाल्ला आणि शाळू व्याह्यांच्या जेवणाला आणि बाळंतिणीला ठेवला. जेवायला ज्ञानोबा आला, बलभीम आला, मालनबाई तोंड जरा वाकडं करून का होईना, आली. मागच्या पंगतीत विनोद करणारा भाऊबंदही होता. या वेळी त्याला काही सुचलं नाही. ज्ञानोबानं दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी वाढायला बब्रुवान वाकला तेव्हा त्यानं पानावर आडवा हात धरला.

"ठिवा. पोरीला लागंल."

त्यानं असं म्हटलं तेव्हा सगळं मिटलं. चुलीपाशी गुलाब आईच्या शेजारी बसून भाकरी शेकत होती. ती आता बाळंत होईपर्यंत इथंच राहणार होती. बाहेर ज्ञानोबाला बोलायला जोर आला होता.

"आन् आमची बातमी ऐकली का? कारखान्याचं सभासद झालाव. नदीवर सोसायटीचं इंजन बसतंय. औंदाच्या पावसाळ्यात सगळ्या रानात ऊस. पाखराची कटकटच मिटली बगा कायमची."

बाहेर सगळ्यांना आनंद झाला. बब्रुवाननंही बरं झालं म्हटलं. आत गुलाबचा हात तव्यावर थांबला.

"म्हंजी माळा न्हाय?" तिनं हळूच विचारलं.

"उसाला कुठं पाखरं लागत्यात," कडूबाई म्हणाली.

भाकर करपल्याचा वास आला तेव्हा दोघी हलल्या.

वैशाखात गुलाबला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं ती बाळाला घेऊन सासरी गेली. आता कसली अडचण नव्हती. पंचमीला आली, दिवाळीला आली. मालनबाई नातीच्या नादानं विहिणीशी गोड बोलायला लागली. सगळं चांगलं झालं होतं, आणि तरीही कडूबाईला काहीतरी हरवल्यासारखं वाटे. गुलाब येई ती पाहुणीसारखी. कशी आहेस विचारलं की "बरी हाय माय" म्हणे, आणि हसे. खरं असेल, नसेल. हाक मारताना तिला असं लपवता येत नसे.

हिवाळा आला. शाळू निसवला. पलीकडे, जिथं माळा होता तिथं, ऊस उभा राहिला होता. हिरवागार, उंच, सरळ. त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं.

पहिल्या सकाळी कडूबाई अंधार असतानाच माळ्यावर चढली. उजाडता उजाडता भोरड्या आल्या. तिनं हाक दिली, वर नेली, सोडून दिली. थवा उठला, नदीवर गेला. तिथं त्यांना खायला काही नव्हतं. एक मोठा वळसा घालून तो परत फिरला आणि तिच्याच रानात उतरला.

कडूबाईच्या हातात गोफण भरलेली होती. पण तिनं लगेच दुसरी हाक दिली नाही. पलीकडून उत्तर यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ती थांबली. पाखरं खात होती. बब्रुवान खाली बांधावर उभा होता, आणि या खेपेला तो तिला 'हाक की' म्हणाला नाही.

मग तिनं हात वर केला.